कोठीतली अंबाडी

भाद्रपदात उदगीरच्या बाजारात अंबाडी येते. ओल्या पोत्यावर जुड्या मांडलेल्या असतात. देठं लालसर, पानं हाताच्या बोटांसारखी फाटलेली. विकणारी बाई मधूनमधून पाणी शिंपडते आणि त्या पाण्यासरशी एक आंबूस, हिरवा वास वर येतो. हा वास मला फार आवडायचा. गेली काही वर्षं मात्र मी त्या ओळीतून जात नाही. मेथी घ्यायची असली तर मागच्या बोळातून आत शिरतो, कांद्याच्या ढिगांना वळसा घालतो आणि तसाच बाहेर पडतो.

यंदा सुमन बरोबर होती. सुमन माझी बायको. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे वळसा घालता आला नाही. एका जुडीसमोर ती थांबली. हात लावला नाही, भाव विचारला नाही, नुसती बघत राहिली. घरी आल्यावर पिशवी खाली ठेवता ठेवता तिनं मला विचारलं, "अहो, मघाशी त्या बाईजवळ होती ती अंबाडीच होती ना?"

"हो."

"नक्की ना? मला तशी वाटली. पण म्हटलं, तुम्हाला विचारावं."

निलंग्याजवळच्या एका कुणब्याची ही मुलगी. शेतातून घरी येता येता न बघता बांधावरची अंबाडी खुडून ओच्यात टाकणारी. डोळे बांधून दिलं तरी देठाच्या बारीक काट्यांवरून बोटांनीच ओळखली असती तिनं. तिला आता अंबाडी ओळखायला माझी साक्ष लागते. ही गत तिची वयानं झालेली नाही, आजारानंही झालेली नाही. ती मी केली आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

माझं लहानपण हिमायतनगरकडचं. आमच्या कापसाच्या शेताला चारी बाजूंनी अंबाडीची ओळ असायची. श्रावणात तिचे शेंडे खुडून भाजी, दिवाळीच्या पुढेमागे लाल बोंडांची चटणी, आणि सगळं संपल्यावर उरलेल्या उंच काठ्या ओढ्यात कुजत घालायच्या. तो कुजका वास आठ-आठ दिवस अंगाला चिकटून राहायचा. मग वडील त्या काठ्यांचा वाख सोलून दोर वळायचे. एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं हातात. पोळ्याला बैलांच्या गळ्यात जे नवे दोर पडायचे ते त्या ओळीतले. एक झाड माणसाला जेवू घालतं आणि जनावराला बांधूनही ठेवतं, याचं मला तेव्हा फार नवल वाटे.

म्हणजे अंबाडी मलाही ठाऊक होती. दुसरं ते झाडही ठाऊक होतं. दोघांची पानं एकमेकांच्या सावलीसारखी दिसतात, हे आमच्या भागात कुणालाही सांगावं लागत नाही. मी त्या सारखेपणाचा उपयोग करून घेतला.

नांदेडला आयटीआयमध्ये मी वीजतंत्रीचा निदेशक होतो. उभी हयात मुलांना वायरिंग शिकवलं. निवृत्त झालो, उदगीरला हे घर बांधलं आणि हात रिकामे झाले. रिकामे हात म्हणजे काय, ते ज्यानं कायम पक्कड धरली आहे त्यालाच कळेल. घरातले सगळे पंखे दुरुस्त करून झाले. गल्लीतले झाले. शेजारचा रशीद मास्टर कपडे शिवतो. त्याच्या मशीनला मी मोटार बसवून दिली. तो म्हणाला, "सर, आता तुमी घरी बसा. न्हाई तर माझ्या कैचीलाबी मोटर बसवताल."

मग कोरोनाची दुसरी लाट आली. सुमन आजारी पडली आणि त्यातून उठली. वास मात्र परत आला नाही. उदबत्तीचा नाही, फोडणीचा नाही, उतू जाऊन करपलेल्या दुधाचा नाही. पहिले काही महिने ती पदरात लवंग बांधून फिरायची, मध्येच नाकाशी धरायची आणि मान हलवायची. चवही फिकी झाली होती. तरी स्वयंपाक तिनं सोडला नाही. "नाक गेलं, हात कुठं गेला?" म्हणायची. मीठ चिमटीनं, तिखट पळीच्या टोकानं, लसणाची फोडणी रंगावरून. तिची भाजी पहिल्यासारखीच होई. ती मला विचारायची, "जमलीय का?" मी म्हणायचो, "जमलीय." तेव्हा ते खरं असायचं.

त्याच सुमारास देगलूरकडचा माझा एक जुना सहकारी घरी आला. त्याचं नाव मी घेणार नाही. ही कबुली माझी आहे, त्याची नाही. जाताना त्यानं कागदाची एक छोटी पुडी हातावर ठेवली आणि हसला. "सर, बघा घरातल्या घरात दिव्याखाली येतंय का. तुमच्या हाताला यश हाय."

पुडीत गांजाचं बी होतं.

हा गुन्हा आहे हे मला माहीत होतं. निवृत्तिवेतन जाईल, नाव जाईल, पुण्यात नोकरी करणाऱ्या प्रशांतला, माझ्या मुलाला, तोंड दाखवता येणार नाही, सगळं माहीत होतं. पण घरात एक बिनखिडकीची कोठी होती, पूर्वी जिथं ज्वारीची पोती राहायची. माझ्याकडे दिवे होते, कूलरचा जुना पंखा होता, आणि वेळ होता. आणखी एक गोष्ट होती, ती लिहिताना हात जड होतो. त्या झाडाला उग्र वास असतो. ज्या घरात बाईचं नाक शाबूत आहे त्या घरात ते लपत नाही. माझ्या घरात लपणार होतं. सुमनचा वास गेला, हे मी माझ्या सोयीच्या बाजूला मांडलं.

कशी वाढवली, काय दिलं, ते इथं सांगण्यात अर्थ नाही. पण त्या खोलीचं सुख खोटं सांगणार नाही. बाहेर भर पावसाळ्यात आभाळ काळं झालेलं असायचं आणि आत पांढरा लख्ख उजेड. भिंतीला लावलेल्या चंदेरी कागदावर पानांच्या सावल्या हलायच्या. पंखा हळू घुरघुरायचा. दिवस कधी उगवायचा आणि कधी मावळायचा, ते माझ्या बोटाखालच्या बटणावर होतं. दुपारी मी स्टुलावर बसून नुसता बघत बसे. नवं पान उमलताना आधी मूठ असते, मग एकेक बोट सुटतं. प्रशांत लहान असताना झोपेत त्याची मूठ अशीच सुटायची, पण तेव्हा मी नोकरीपायी एकटाच नांदेडला असायचो आणि ते सुमननं बघितलेलं. ओढली का? ओढली, दोन-चारदा, गच्चीवर. त्यात मला फार गोडी नव्हती. गोडी होती ती माझ्या हुकमात काहीतरी वाढतंय याची.

वीज गेली की झाडं अंधारात पडू नयेत म्हणून मी कोठीचा दिवा इन्व्हर्टरवर घेतला. भार पेलवेना म्हणून स्वयंपाकघराची तार काढली. उदगीरला वीज जाते, हे वेगळं सांगायला नको. सुमन मेणबत्तीच्या उजेडात भाकरी थापायची आणि भिंतीपलीकडे माझ्या झाडांवर ऊन पडलेलं असायचं. "इन्व्हर्टरला काय झालंय हो?" तिनं एकदा विचारलं. "बॅटरी उतरलीय," मी म्हणालो. हाडाचा वीजतंत्री हे म्हणाला, आणि तिनं मान डोलावली.

ती कोठीत आली तेव्हा झाडं गुडघ्याएवढी झाली होती. दारात उभी राहून तिनं डोळ्यांवर हात धरला.

"हे काय लावलंय?"

"अंबाडी."

"घरात? दिव्याखाली?" ती हसायला लागली. "कोठीत अंबाडी कशी येईल हो? बांध काय कमी पडले?"

"प्रयोग आहे. कर्नाटकातलं वाण आहे."

तिनं वाकून देठावरून बोट फिरवलं. "ह्याला काटे न्हाईत."

"बिनकाट्याची जात आहे."

"देठ बी लाल न्हाई."

"ऊन नाही ना मिळत. दिव्याखाली लाली येत नाही."

तिची बोटं तिला खरं सांगत होती. मी एकेक बोट मिटवत गेलो. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही म्हणता तर असंल," आणि चहा ठेवायला गेली. पुढं मी हे वाक्य अनेकदा आठवलं. तिच्या तोंडून ते आयुष्यभर ऐकलं होतं आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

आमच्याकडे महालक्ष्म्या उभ्या असतात. पहिल्या दिवशी देवी दमून माहेरी आलेली असते, म्हणून तिला साधं जेवण: ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटलेली, वरून लसणाचं कडकडीत तेल. त्या दिवशी उदगीरच्या घराघरांतून ही भाजी होते, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच बाजारातल्या जुड्या संपतात. सुमननं मला आदल्या दिवशी दोनदा आठवण केली होती. मी कोठीत बसलो होतो. उठतो, उठतो म्हणताना राहिलं. सकाळी गेलो तेव्हा पोत्यांवर नुसता चिखल आणि पिवळी पानं होती.

रिकामी पिशवी बघून ती रागावली नाही. म्हणाली, "राहू द्या. बघते काहीतरी. तुम्ही अक्कांना आणायला जा."

अक्का माझी थोरली बहीण, जळकोटला दिलेली. दर वर्षी महालक्ष्म्यांना येते. रीतिरिवाजाची कडक आणि जिभेची त्याहून कडक. मी तिला आणायला बसस्थानकावर गेलो. आम्ही परत आलो तोवर नैवेद्य तयार होता. त्या वर्षी मुहूर्त सकाळचा होता. मुखवट्यांना हळदीकुंकू लावलेलं, नव्या साड्यांचा कोरा वास, समोर दोन ताटं. नैवेद्याचं चाखायचं नसतं, त्यामुळे सुमननंही चाखलं नव्हतं.

मी पहिला घास घेतला आणि थांबलो.

लसणाच्या आडून तो वास आला. माझ्या नाकाला त्याची चांगली ओळख होती. भाजी आंबट नव्हती. मी सुमनकडे बघितलं. ती पळी हातात घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर, वेळ निभावून नेली याचा आनंद होता. "ओळखा बरं कुठली हाय," ती मला म्हणाली.

भरल्या पानावरून उठू नये, असं आमच्यात मानतात. मी त्या दिवशी ते मानलं, पण भाजीला पुन्हा हात न लावता भाकरी ठेच्याशी खाल्ली. अक्काच्या पानात लिंबाचं लोणचं होतं, ठेचा होता, तिला काही वेगळं लागलं नाही. "वाढ गं अजून थोडी," ती म्हणाली. सुमननं वाढली. माझ्या तोंडाशी शब्द आला होता: नको. तो मी भाकरीबरोबर गिळला. कोवळी पानंच तर आहेत, शिजलेली आहेत, काय होणार आहे, असं मी स्वतःला सांगत होतो.

मग सुमन जेवायला बसली. पहिल्याच घासाला तिचा चेहरा बदलला. "अक्का, भाजी आंबट न्हाई लागून राहिली."

"घ्या!" अक्का म्हणाली. "नाक गेलं, जीभ गेली, आन आता आम्हाला चव सांगती. तुला कधीपास्नं आंबटगोड कळाया लागलं गं?"

अक्का हसली. मीही हसलो. सुमनही मग हसली आणि तिनं भाजी बाजूला सारली.

हात धुऊन मी कोठीत गेलो. झाडांचे नुसते दांडे उरले होते. पानं इतकी नीट खुडली होती की एकही फांदी मोडलेली नव्हती. मी तिथं उभा होतो, तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अहो, रशीद मास्टरची वाटी तेवढी द्या पलीकडं. गरम हाय तवर."

दर वर्षी ती त्याला वाटी पाठवते. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी वाटी उचलली. सांडली असती तरी चाललं असतं. हातातून पडली म्हणालो असतो तर कुणी काही विचारलं नसतं. ते माझ्या मनात आलंसुद्धा. पण एकदा वाटी सांडली की ती दुसरी भरून देणार होती आणि दुसरीच्या वेळी मला तोंड उघडावं लागलं असतं. मी भिंतीवरून वाटी दिली. रशीद म्हणाला, "वैनीच्या हातची अंबाडी! सर, सालभर वाट बघतो मी." मी म्हणालो, "खा."

दुपार कलली तशी अक्का मुखवट्यांसमोर बसून हसायला लागली. "दिगू, ज्येष्ठा माझ्याकडं बघून डोळे मिचकावून राहिली रे." आधी आम्हाला वाटलं, थट्टा करतेय. मग ती म्हणाली, "माझे पाय कुठं ठिवले तुम्ही?" मग रडायला लागली, छाती धरून. तिचं काळीज असं उडत होतं की पातळावरून दिसत होतं. उलटी झाली. त्याच वेळी भिंतीपलीकडून रशीदच्या बायकोची हाक आली, "सर, जल्दी आव, मास्टरकू क्या तो बी हो रा!" रशीद मशीनवर बसून एका ब्लाउजला दोन्ही बाह्या एकाच बाजूला जोडत होता आणि घाबरून म्हणत होता, "धागा सपतच न्हाई, धागा सपतच न्हाई."

त्या घटकेला मी आधी रिक्षा बोलावायला हवी होती. मी आधी कोठीत गेलो. दांडे उपटले, पोत्यात कोंबले, पोतं माळ्यावर फेकलं, दिवा काढला, कागद फाडला. बाहेर माझी बहीण फरशीवर पडली होती आणि सुमन तिच्या तळपायांना कांदा चोळत मला हाका मारत होती. झाडं आधी, बहीण नंतर. हा क्रम मी कधी विसरलो नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "भाजी कुठली होती?"

"घरची," सुमन लगेच म्हणाली. "कोठीतली. ह्यांनीच लावलेली हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक तरुण डॉक्टर, एक परिचारिका, रशीदची बायको. अक्का गुंगीत होती.

"नाही हो, डॉक्टर," मी म्हणालो. "बाजारातली. मीच आणली काल. हिच्या अलीकडे लक्षात राहत नाही."

सुमननं माझ्याकडे बघितलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं. चष्मा कुठे ठेवला ते आठवताना माणूस समोर बघतो आणि त्याला काहीच दिसत नसतं, तशी ती बघत होती.

डॉक्टर म्हणाले, फवारलेली असेल, नाही तर धोतऱ्याची पानं मिसळली असतील. सलाइन लावलं. दोन दिवसांत अक्काही बरी झाली, रशीदही. कुणाला काही झालं नाही, असं मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी घरी आल्यावर सुमन सरळ कोठीत गेली. पैसे आणायला म्हणून मधे घरी येऊन मी तिथल्या कुंड्या हलवल्या होत्या आणि गोधड्यांचं गाठोडं, तांदळाचं पोतं ठेवलं होतं. ती दारात उभी राहिली.

"इथंच होती ना हो?"

"काय?"

"अंबाडी."

मी म्हणालो, "कोठीत अंबाडी कशी येईल, सुमन?"

तिचंच वाक्य मी तिला परत दिलं. तिनं भिंतीला हात लावून बघितला, जिथं चंदेरी कागद होता तिथं. मग दार ओढून घेतलं.

त्यानंतरच्या वर्षांचं सांगायला फारसं काही नाही, कारण त्यांत काही घडलं नाही. प्रशांत पुण्याहून आला, आईला लातूरला मोठ्या डॉक्टरकडे नेलं, मेंदूचा फोटो काढला. फोटोत काही निघालं नाही. तरी गोळ्या सुरू झाल्या. स्वयंपाकाला एक मावशी लावल्या. "आई, तू आता आराम कर," असं प्रशांत म्हणाला, आणि त्यात प्रेमच होतं. अक्कानं जळकोटला जाऊन सगळ्यांना सांगितलं की सुमनच्या डोक्यात फरक पडलाय, तिच्या हातचं खाऊ नका. महालक्ष्म्या आता एका केटररच्या डब्यावर जेवतात. रशीदकडे वाटी जात नाही.

आणि सुमन मला विचारत राहिली. मी दार लावलं ना हो? आज सोमवारच ना? हा प्रशांतचाच आवाज ना? गल्लीतली माणसं म्हणायची, "सर बायकोला किती जपतात." मी तिला हात धरून देवळात न्यायचो आणि लोक रस्ता द्यायचे. तिच्या डोळ्यांत बघून 'हो' म्हणणं हेच माझं काम झालं होतं, आणि त्या प्रत्येक 'हो'नं ते जुनं 'नाही' आणखी घट्ट होत गेलं. कधी वाटायचं, आता सांगून काय उपयोग, जिवाला धक्का बसेल तिच्या. भित्रा माणूस दुसऱ्याच्या प्रकृतीची फार काळजी करतो.

पण परवा तिनं अंबाडीच होती ना, असं विचारलं आणि मला पुढं 'हो'वर थांबता येईना.

काल सकाळी मी एकटाच बाजारात गेलो. पुढच्या वाटेनं गेलो. एक जुडी घेतली, घरी आणली आणि सुमनसमोर जमिनीवर ठेवली. मावशी अजून यायच्या होत्या. मी तिच्यासमोर बसलो, गुडघ्यांचा आवाज झाला. मग सगळं सांगितलं. पुडी, दिवा, इन्व्हर्टरची तार, बिनकाट्याची जात, पहिला घास, वाटी, पोतं, दवाखाना, गोधड्या. मध्ये तिनं एकदाच हात वर केला, इन्व्हर्टरचं सांगत होतो तेव्हा, आणि मग खाली घेतला.

माझं संपल्यावर ती बराच वेळ जुडीकडे बघत होती. मी रडण्याची वाट बघत होतो, शिव्यांची वाट बघत होतो.

तिनं विचारलं, "आंबट नव्हती ना ती?"

"नव्हती."

"मी म्हणलं होतं."

"हो. तू म्हणाली होतीस."

"म्हणजे जीभ माझी ठीक होती." तिनं जुडीतलं एक पान तोडलं, तोंडात टाकलं आणि हळूहळू चावलं. तिच्या गालाला तो बारीक चिमटा बसलेला मला दिसला. "ठीकच होती," ती स्वतःशी म्हणाली.

मग म्हणाली, "अक्कांना फोन लावा. मोठ्या आवाजावर."

लावला. परत सगळं सांगितलं, या वेळी थोडक्यात, कारण अक्का मध्येमध्ये "काय? काय म्हणतोस?" करत होती. शेवटी ती म्हणाली, "दिगू, मी तिच्या हातचं पाणीबी पिले न्हाई रे." आणि पुन्हा, "पाणीबी न्हाई." मग म्हणाली, "तिला दे फोन."

सुमननं फोन हातात घेतला नाही. तिथूनच म्हणाली, "अक्कांना म्हणावं या. पाणी प्यायला या."

प्रशांतला तिनं स्वतः फोन केला, आतल्या खोलीत जाऊन. काय बोलली ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "गल्लीत तोंडानं सांगत फिरू नका. तोंडानं तुम्ही कायबी सांगता. लिहून काढा. तुमच्या शब्दाला लोक मान देतात." थोडं थांबून म्हणाली, "मीबी दिला होता." म्हणून हे लिहितो आहे. याचं पुढे जे काही व्हायचं असेल ते होईल. माझी तयारी आहे, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, पण टाळाटाळ करणार नाही.

मावशी आल्या तेव्हा तिनं त्यांना ओट्यापासून बाजूला केलं. पानं खुडताना तिची बोटं आधी अडखळत होती, मग त्यांना आपली चाल सापडली. डाळ शिजली, कण्या शिजल्या. घोटण्याचा आवाज घरात किती दिवसांनी आला. फोडणीत लसूण तांबूस होताना ती वाकून बघत होती. मला तिनं "जमलीय का?" असं विचारलं नाही. मी दारात उभा होतो.

एक वाटी भरून तिनं माझ्या हातात दिली. "रशीद मास्टरला. काय झालं होतं ते सांगून द्या. आधी सांगा, मग द्या."

भिंतीशी जाऊन मी हाक मारली. रशीद गळ्यात टेप अडकवून बाहेर आला. वाटीकडे बघून एक पाऊल मागं सरला, मग लाजला. मी आधी सांगितलं. तो ऐकत होता आणि टेपचं टोक बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"सर," तो म्हणाला, "त्या दिसापास्नं मी नव्या कपड्याला कैची लावताना दोनदा थांबतो. माझे डोळे गेले म्हणून बसलो होतो मी. बायकोला म्हणलं, मशीन विकून टाकू." आमच्या मधल्या भिंतीवर शेवाळ धरलं आहे. तो त्याच्याकडे बघत होता. शेवटी त्यानं हात पुढं केला. "वैनीची हाय म्हणून घेतो. तुमची असती तर घेतली नसती."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

परत आलो तेव्हा सुमन जेवायला बसली होती. लग्न झाल्यापासून ती माझ्याआधी कधी जेवली नव्हती. माझं पान वाढलेलं नव्हतं. भाजीचं पातेलं, भाकरीची दुरडी, सगळं ओट्यावर होतं, हवं तर घेता येईल असं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला आणि डोळे बारीक केले.

"आंबट झालीय," ती म्हणाली. मला सांगत नव्हती. आणि ते खरं आहे का, असं तिनं कुणाला विचारलं नाही.